चार आण्याचे महाराज

४ जानेवारी
दत्तोपंत काकांनी माझ्या बोटावर चिमटा हाणला! तिकिटं उचलायचा चिमटा! का, तर शेजारच्या पोरीनं, म्हंजी मी, आल्बमला बोट लावलं. "राजे, घामट हात लावू नकोस, निजामाच्या वेळचं आहे ते."
म्हातारा जन्मभर तिकडं तेलंगणात कुण्या राजाच्या महालांचा आर्किटेक्ट होता. छत गळलं, नक्षी पडली की दुरुस्तीला हेच. आता जिंतुरात बसून टपालाची जुनी तिकिटं जमवायलेत. वर फुशारकी— "जुन्यात नवं कुठं बसवलंय ते मला अंधारात कळतं. मीच बसवायचो. पण बसवलं की खूण ठेवायची. नाहीतर ती फसवणूक."
कसली खूण? सांगितलं न्हाई.
अंधारात कळतं म्हने. बघू!

६ जानेवारी
आमच्या रुखमीचा फोटू काढला. शेळी हाय, पण माझ्या ओढणीचा फेटा बांधून शिंगं झाकली तर थाट असा का— सरपंच! झेरॉक्सवाल्या बालाजीकडून नखाएवढा छापला. खाली 'चार आणे'. कोऱ्या चहात बुडवला. कडंची भोकं आईच्या शिलाई मशीनवर, दोरा न घालता.
आई— "सुई मोडली तर तुलाच शिवीन."
आल्बममधी सरकवला.

८ जानेवारी
सापडलं! काकांनी भिंग लावून लय वेळ बघितलं. मी हसू गिळून बसले. आन् म्हनले काय— "अरे, हे तर महाराज! आमच्या महालाच्या छतावर यांचं तोंड आहे. दाढी बघ."
मेले मी!!

१० जानेवारी
परभणीहून व्यंकटराव आले. तिकीटवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. "अस्सल! माझ्याकडं याची जोडीच होती. वाळवीनं खाल्ली."

१३ जानेवारी
हद्द झाली. भगवानराव आले. हे लग्नपत्रिकेवर सुदिक 'राजघराणं' छापून घेतात. तिकीट बघून डोळ्यात पाणी. "पणजोबा! नाक आमच्याच घरचं."
निघताना दारात रुखमी आडवी आली. "हाट!" म्हनून लाथ घातली. सख्ख्या पणजोबाला!

१४ जानेवारी
आता हसू येईना. रविवारी परभणीत प्रदर्शन हाय. पुण्याच्या तज्ज्ञ बाई तपासायला येणार. काकांनी रुखमीला पैल्या पानावर लावलंय! एवढा नावाजलेला मानूस— माझ्यामुळं लोक तोंडावर हसतील.
सांगायला गेले. "काका, ते तिकीट—"
"तीळगूळ घे आणि पळ. मला कोट इस्त्री करायचाय."

१५ जानेवारी
मी रुखमीलाच घेऊन काकांकडं गेले. म्हनलं, खाऊन टाकंल, भानगड मिटंल. तिनं काकांची टोपी खाल्ली. तिकिटाकडं बघितलं बी न्हाई.

१८ जानेवारी, रविवार
बाईंनी भिंग लावलं. मी खांबामागं.
"दत्तोपंत, ही भोकं शिलाई मशीनची आहेत."
"हो."
"आणि ही... शेळी आहे का?"
"आहे की. शेजारची. रुखमी नाव."
भगवानरावांच्या गळ्यात हार, हातात मोठ्ठी फ्रेम— त्यात रुखमी. व्यंकटराव पानी प्यायला गेले ते परत आलेच न्हाईत.
काका म्हनले, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हटलं बघू तरी, कोण कोण मुजरा करतंय."
मग बाईच आधी हसल्या. मग सगळा हॉल.
काका खांबाकडं बघून— "काम बरं आहे, राजे. खूण तेवढी राहिली."

१९ जानेवारी
काकांनी महालाच्या छताचा फोटू दाखवला. ओळीनं राजाच्या वाडवडलांची तोंडं, चुन्यात घडवलेली. एक गळून पडलं होतं, ते काकांनी नवं बसवलं. त्या एकट्याच्याच फेट्यातनं दोन शिंगं वर आलेली!
"ही माझी खूण."
"राजाला दिसली न्हाई?"
"दिसली की. रोज सकाळी नमस्कार करायचे."