भव्याचा मामा

प्रिय दयामामा,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण घरी असलास की तुझा फोन आजी उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. कामावर तुम्हाला फोन आत नेऊ देत नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही बोम्मसंद्र्याला, तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर. शाळेत माझं सगळं कन्नडातच झालं, मराठी लिहायला शिकवलंस तू. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका निघाल्या तर दोष मास्तरांचा.

मी बरी आहे. तुझ्याच बंगळुरात, राजाजीनगरात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय. मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. माझ्या हुद्द्याचं नाव यूथ पीअर अ‍ॅडव्होकेट, त्यामुळे घरमालक कृष्णमूर्ती मला वकीलच समजतात आणि भावाशी चाललेल्या भांडणात सल्ला विचारतात. मी वकील नाही हे सांगून थकले. माझं काम एवढंच, की जे माझ्यावर आलं होतं तेच ज्या पोरींवर येतंय त्यांच्या सोबत राहायचं. पोलीस ठाण्यात, शाळेत, कधी त्यांच्या आयांसमोर. संस्थेतल्या शिकलेल्या ताया बोलतात ते पोरी नुसतं ऐकून घेतात, माझं त्यांना पटतं, कारण मी त्यातून गेलेय. दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला कोण उभं करणार? कॉलेज अर्धवट, आणि जे आलं तीच माझी डिग्री.

ते सगळं मी आता इतक्यांदा सांगितलंय, की सांगताना मलाच ती कुणी परकी मुलगी वाटते. दहावीची परीक्षा संपली, सुट्टीला म्हणून गावी अथणीला नेलं, आणि तिथं कळलं की माझं लग्न ठरलंय, आईच्या धाकट्या भावाशी. आपल्यात बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचा, त्यात विचारायचं काय? मग मुलीनं हळदीच्या आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन केला, गाडी आली, लग्न थांबलं. आमच्या संस्थेतल्या सुखदाताई पुण्याच्या, मनानं फार चांगल्या. ही गोष्ट लोकांपुढे कशी सांगायची ते त्या मला शिकवतात, "शिवलीला, फोनच्या आधी जरा पॉज घे ना, लोकांना फील होऊ दे." मी पॉज घेते. इंदिरानगरच्या हॉटेलात देणगीदार डोळे पुसतात आणि मग जेवायला उठतात.

त्या गोष्टीत तुला नाव नाही. तू फक्त 'तो माणूस', तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिडून म्हटलं, तो माणूस नाही, तो माझा मामा आहे, त्यानं मला सायकल शिकवलीय, तापात रात्रंदिवस उशाशी बसलाय. सुखदाताई समजुतीनं म्हणाल्या, त्यानं ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो गं. मग मीही 'तो माणूस' म्हणायला लागले. आता संस्थेच्या जिन्यात माझ्या फोटोचं मोठं पोस्टर लागलंय, खाली लिहिलंय, 'एक फोन पुरतो'. रोज सकाळी मी मान खाली घालून त्याच्या पुढून वर जाते. मला ते फाडून टाकावंसं वाटतं, आणि फाडलं तर महिन्याचं भाडं कशातून द्यायचं तेही कळत नाही.

गेल्या महिन्यात भव्या आली. बारावीला आहे, हुशार आहे, बोलायला लागली की थांबत नाही. तिचंही मामाशीच ठरलंय. नुकतीच अठराची झालीय, त्यामुळे आमचेही हात बांधलेले. लहान असती तर अधिकाऱ्यांना घेऊन लग्न थांबवता आलं असतं. आता पोलीस म्हणतात, मुलगी सज्ञान आहे, तिनं स्वतः तोंडानं नाही म्हटलं तर आम्ही बघू. आणि ती नाही म्हणू शकत नाही. घरात विषय काढला की आई जेवण सोडते. बाहेर पडली तर कॉलेज गेलं, आत राहिली तरी गेलंच. सुखदाताईंनी तिला धीर यावा म्हणून माझ्या पोस्टरपुढे उभं केलं. तिनं ते वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तुमच्यासारखं धैर्य नाही माझ्यात. असला फोन मला जन्मात जमणार नाही. सरी, ठीक आहे, होऊ दे लग्न."

मामा, मी तिला खाली नेलं आणि चहा पाजला. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर पाठ केलेलं बोलले असते. पण त्या पोरीला मी कसं सांगू, की तो फोन मलाही जमला नव्हता?

परसात मांडवाच्या बांबूंचा ढीग पडला होता, त्याच्या मागे तू मला नेलंस. नंबर तू लावलास. पत्ता तू सांगितलास, आवाज दाबून, शेजारचा कुणी बोलतोय असा. मी फक्त उभी होते. मग म्हणालास, शिवू, कुणी विचारलं तर तू केलास म्हण. माझं नाव आलं तर आई जिवंतपणीच माझ्या नावानं पाणी सोडेल. मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली. तेव्हापासून तू आजीच्या लेखी अपमान झालेला नवरा मुलगा, तुला कुणी मुलगी देत नाही, आणि ती मला शिव्या घालते तेव्हा तुला मान खाली घालून ऐकावं लागतं. तूही अडकलास, मीही अडकले, आणि बाहेर पोस्टर लागलंय.

काल मी भव्याला एक प्रश्न विचारला, जो आमच्या संस्थेत आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही. तुझा मामा काय म्हणतो? ती जरा विचारात पडली. म्हणाली, हल्ली तो घरात येतच नाही. आधी आला की मला चिडवायचा, पेपर कसे गेले विचारायचा. आता दारात मोटरसायकलवरच बसतो, आईनं हाक मारली तरी स्वल्प काम आहे म्हणतो आणि जातो. ऐकताना मला तू आठवलास. तूही त्या सुट्टीत जेवायला घरात यायचा नाहीस. मुलीच्या सोबतीला आमच्याकडे मी आहे. नवऱ्या मुलाच्या सोबतीला कुणीच नाही.

म्हणून हे पत्र. त्याचं नाव मंजुनाथ, बोम्मसंद्र्यातच लेथवर काम करतो, भव्याकडून कारखान्याचं नाव घेऊन पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. तू त्याला जाऊन भेट. मामालाही नाही म्हणता येतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं, आणि माझं तो ऐकणार नाही. तो विचारील, तुम्हाला काय ठाऊक? मग तुला सगळं सांगावं लागेल, आणि आपल्या लोकांत अशी गोष्ट लपून राहत नाही. ती आजीच्या कानावर जाईल, कदाचित ती तुझं सामान बाहेर ठेवील. मी काय मागतेय ते मला कळतंय. सगळं बाहेर आलं तर त्या दिवसापासून मला बंद झालेल्या आईच्या घरात पुन्हा पाऊल टाकता येईल, ही आशा माझ्या मनात नाही असं खोटं कशाला लिहू? पण तुझी शपथ मी मोडणार नाही. तू हो म्हणेपर्यंत भव्यापुढे मी गप्पच बसेन. लग्न याच महिन्यात आहे, रविवारी मंजुनाथला सुट्टी असते. तू गेला नाहीस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. फक्त सोमवारी भव्या येऊन माझ्यासमोर बसेल, तेव्हा तिला काय सांगू, एवढं तूच मला कळव.

तुझीच,
शिवू