पान तीनवाला

३ मार्च, सोमवार

परत तोच प्रश्न! पान तीनच्या खाली अभिप्रायाची चौकट आहे, तिच्यात आज सकाळी लिहिलेलं – "वाट का पाहायची? कळलं नाही." ना नाव, ना गाव. शुक्रवारी हेच होतं, त्याच्या आधीही हेच. मधल्या काळात मी ते पान नव्याने लिहून काढलं. आता हा मला प्रश्न वाटत नाही, खोडी वाटते.

मॅनेजर मॅडमनी बोलावून घेतलं. "नवख्यांसाठी मार्गदर्शिका करतोय आपण, आणि सगळ्यात सोप्या पानावर तक्रारी?" महिनाअखेर त्या ठरवणार, मार्गदर्शिका पुढे न्यायची की काम बंद करायचं. काम बंद म्हणजे मी घरी. शाळेतली नोकरी सोडून या ऑफिसात आले. पन्नाशीत मला परत कोण घेणार?

४ मार्च

कुठे चुकतंय ते बघायला स्वतःलाच सांगून पाहिलं. आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी उचलून वापरायचा तयार कोड, करते एवढंच – एका मोठ्या कामाचे तुकडे पाडते आणि ते एकाच वेळी अनेकांना वाटून देते. एका तुकड्याला टास्क म्हणायचं. माझ्या पान तीनवर चार जण चार खोल्या झाडतायत. चौघांनी "झालं" म्हटलं की मगच दाराला कुलूप. चौघांची वाट पाहायची ती एकच ओळ. ती राहिली तर माणूस आत आणि कुलूप बाहेरून!

यात न कळण्यासारखं काय आहे? माझ्या सातवीच्या पोरांना कळलं असतं.

मी आले तेव्हा सगळी पानं उलटीपालटी होती. सर्वांत अवघड पान पहिलं, आणि लायब्ररी बसवायची कशी ते शेवटी. जेवून झाल्यावर ताट मांडायला सांगावं तसं. मी ती ओळीने लावली – आधी एक टास्क, मग अनेक, मग वाट पाहणं, मग एखादं फसलं तर काय. चौथं पान अजून व्हायचंय. पण तिसरंच पुढे सरकू देत नाही.

५ मार्च

मार्गदर्शिका अजून बाहेर कुणाला दिलेलीच नाही. फक्त ऑफिसातल्यांना दिसते. म्हणजे पान तीनवाला आतलाच आहे.

७ मार्च, शुक्रवार

आमच्याकडे कोड चालवून तपासणारी एक पोरगी आहे, त्या टेस्टिंगवालीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "काकू, मला अडलं तर मी तुमच्या टेबलापाशी येईन. लिहीत कोण बसतंय?" खरं वाटलं. ती भांडते, पण तोंडावर.

मग उरलं कोण? नाव लिहायला हात धजत नाही. गुरुजी.

ऑफिसात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. घरी ते आमचे हे. ही लायब्ररी मूळची यांचीच, पहिल्या ओळीपासून. कुणाला काही अडलं की यांच्या खुर्चीपाशी गर्दी. "कोड वाचा, सगळं त्यात आहे," असं म्हणायचं आणि मग तासभर समजावत बसायचं – यात यांना कोण सुख! मार्गदर्शिका चांगली झाली तर गुरुजींना विचारणार कोण? आणि ती बायकोनं केलेली! आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

१० मार्च, सोमवार

चहा घेऊन खोलीत गेले तर लॅपटॉप खटकन मिटला. "काय वाचत होता?" "काही नाही, बातम्या." बातम्या वाचताना माणूस हातात पेन घेऊन बसत नाही.

ऑफिसात चौकट उघडली. "वाट का पाहायची?" आहेच.

१२ मार्च

कपडे धुवायला काढले. यांच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. पान तीन, छापून घेतलेलं! वाट पाहण्याच्या ओळीखाली रेघा, गिरवून गिरवून कागद फाटायला आलेला. पाणी इथेच मुरतंय. मॅडमपुढे ठेवायला पुरावा गोळा करतायत.

कागद होता तसा परत ठेवला. ताकास तूर लागू दिली नाही.

१३ मार्च

मीटिंगमध्ये मॅडमनी यांना विचारलं, "गुरुजी, टास्क मध्येच फसलं तर बाकीच्यांचं काय होतं? चौथ्या पानात ते यायला हवं ना?" हे माझ्याकडे बघून हसले. "तिलाच विचारा. मार्गदर्शिका तिची आहे." सगळे हसले. मलाही हसावं लागलं. आत नुसता जाळ झाला. भर सभेत मला तोंडघशी पाडायला निघाले होते! मी चाचपडत काहीतरी उत्तर दिलं. हे लक्ष देऊन ऐकत होते, परीक्षक बसतो तसे.

अठ्ठावीस वर्षं ज्याच्याबरोबर एका छपराखाली काढली, त्याचा एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

१४ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, दादाचं बरं चाललंय ना? परवा एकाच फोनमध्ये त्यानं मला तेच दोनदा विचारलं." मी म्हटलं, "काय विचारलं?" तर म्हणे, "पोराचं कॉलेज कधी सुरू होतंय." मला नाही पटत. बोलणं माझ्यावरूनच झालं असणार, हिने ऐन वेळी विषय फिरवला. भाऊ-बहीण दोघं एका माळेचे मणी.

१७ मार्च, सोमवार

आज सापळा लावला.

पान तीनच्या उदाहरणातून वाट पाहण्याची ओळ मीच काढून टाकली. वर मजकूरही तसाच जुळवला – काम वाटा आणि लगेच कुलूप लावा. जाणत्या माणसाला ही चूक पहिल्या नजरेत दिसेल. गुरुजींना तर झोपेतही दिसेल. मग ते लगबगीनं मॅडमकडे जातील, आणि मी म्हणेन, मुद्दाम केलं होतं, ही बघा साक्षीदार! टेस्टिंगवालीला आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "काकू, हे जरा अतीच होतंय." होऊ दे.

१८ मार्च

मॅडमकडे कुणी गेलं नाही. चौकटीत एकच ओळ – "आता कळलं. फार आभार."

म्हणजे काय? चुकीच्या पानाचे आभार? टोमणा आहे. दुसरं काय असणार!

जेवताना हे खुशीत होते. किती तरी दिवसांनी शीळ घातली.

२० मार्च, गुरुवार

टेस्टिंगवाली माझ्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. हळू आवाजात म्हणाली, "काल लायब्ररीत नवा कोड आला. चालवला की दर वेळी उत्तर वेगळं येतंय. वाट पाहण्याची ओळच नाही त्यात." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या चार खोल्या! मी दिलेली नावंसुद्धा तीच. पान तीन जसंच्या तसं उतरवलेलं. आणि पाठवणाऱ्याच्या जागी गुरुजी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूक उतरवायची आणि खापर माझ्या पानावर फोडायचं! "बघितलंस?" मी तिला म्हटलं. "मुद्दाम केलंय."

ती म्हणाली, "काकू, मुद्दाम करणारा माणूस स्वतःच्या नावानं पाठवेल का? मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. तुम्ही आधी घरी बोला."

२१ मार्च

बोलले. मी तावातावाने सुरुवात केली, यांनी मधे एकदाही तोडलं नाही. नंतर म्हणाले, "रोज तुझं पान वाचतो, अडलं की चौकटीत लिहितो. संध्याकाळपर्यंत राहतं. सकाळी उठलो की पुसलेलं असतं. माझ्याच कोडमधलं तर आता काही कळत नाही, तुझ्या पानांवरून थोडं कळतं. तुला सांगायची लाज वाटली."

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. वाट पाहण्याची ओळ आजच परत घातली, पान तीन आणखी सोपं केलं. आता चौथं लिहायला घेतलंय. वाचणारा कोण आहे ते मला माहीत आहे.