दोन ते चार आणि बिझनेस लाइन

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं ठेवतात असं ऐकलंय, म्हणून आधीपासूनच.

एकोणीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. आता स्वतःचा व्यवसाय: स्टोअरकीपर लोकांना व्हिडिओवरून ट्रेनिंग. कोर्स चाळीस धड्यांचा. आज पहिल्या धड्याचं शीर्षक टाइप केलं. फॉन्ट ठरायचा आहे.

बायकोची अट: ३१ तारखेपर्यंत एक तरी गिऱ्हाईक, नाहीतर १ एप्रिलपासून तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात. हसत हसत हो म्हटलं. मेहुण्याच्या हाताखाली मी! कल्पनेनेच अंगावर काटा आला.

दुपारी दोनला नेट गेलं. कंपनीला फोन. चाळीस मिनिटं नुसतं संगीत. ओरडताही येईना, आई आतल्या खोलीत झोपलेली. चारला नेट आपोआप आलं. आई उठली, चहा झाला.

३ मार्च, मंगळवार
पहाटे पाचला उठायचं ठरलं होतं. साडेआठला उठलो. काल नेटने फार थकवलं.

दोनला पुन्हा गेलं. चारला आलं.

५ मार्च, गुरुवार
चार दिवसांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष: नेट रोज बरोबर दोन ते चार जातं. म्हणजे जगाचे उद्योगधंदे ऐन भरात असतात तेव्हाच कंपनी घरगुती लाइनचा गळा आवळते आणि बिझनेसवाल्यांना पाणी सोडावं तसं नेट सोडते. हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

धडा एकचं काम तूर्त थांबवलं. पाया कच्चा असताना इमारत बांधू नये.

७ मार्च, शनिवार
प्लॅनचा तक्ता तयार. बावीस कॉलम. रंगीत.

घरगुती: महिना आठशे. स्पीड 'इतक्यापर्यंत', म्हणजे किती ते त्यांनाच माहीत. बिघाड झाल्यास वाट पाहा. बिझनेस: महिना चार हजार दोनशे. जातानाही तोच स्पीड, येतानाही तोच. बिघाड चार तासांत दुरुस्त, नाहीतर त्या महिन्याचं बिल माफ. शिवाय स्टॅटिक आयपी. तो काय असतो ते नीट कळलेलं नाही, पण घरगुतीवाल्यांना देत नाहीत, यावरून काय ते समजावं.

रात्री जेवताना तक्ता दाखवला. ही म्हणाली, आईंना विचारलंत का? आईला नेटमधलं काय कळतं! मला हसूच आलं. ही पुढे काहीतरी सांगत होती, पण मी कॉलम चौदावर आलो होतो.

९ मार्च, सोमवार
खर्चाचा खरा हिशेब आज लागला. माझ्या एका तासाची किंमत दोन हजार धरली (माफकच आहे). रोज दोन तास बुडतात, महिन्याचे सव्वीस दिवस. नुकसान एक लाख चार हजार. बिझनेस प्लॅनला जास्तीचे लागतात फक्त तीन हजार चारशे. म्हणजे महिन्याला एक लाख सहाशेचा निव्वळ फायदा!

हिला सांगितलं. ही म्हणाली, ठेवायचे कुठे एवढे? आणि भाजी निवडायला बसली. हिची स्वतःची गणिताची शिकवणी सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातून चालते, फोन साखरेच्या डब्याला टेकवून, फोनच्याच नेटवर. छोटा विचार, दुसरं काय.

११ मार्च, बुधवार
सेल्सवाला येऊन गेला. टाय होता. मला 'सर' म्हणाला, सतरा वेळा. एकोणीस वर्षांत कारखान्यात कोणी एकदाही म्हटलं नव्हतं. फर्ममध्ये माणसं किती, असं त्याने विचारलं. सध्या कोअर टीमच आहे म्हणालो. तेवढ्यात कोअर टीमच्या आईने येऊन सेल्सवाल्याला विचारलं, बाळा, पाणी हवं का?

बारा महिन्यांचा करार. सही केली. हिला योग्य वेळी सांगेन.

१४ मार्च, शनिवार
हिला आपोआप कळलं. बँकेचा मेसेज.

आज आपापली ताटं घेऊन आपापल्या जागी जेवलो.

१८ मार्च, बुधवार
सकाळी आई ताईकडे राहायला गेली. दुपारी नवी लाइन आली. नेटचा नवा डबाही जुन्यासारखा आतल्या खोलीतच बसवला, आईच्या पलंगाशेजारी, कारण वायर तिथूनच येते. पाच हिरवे दिवे. कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

१९ मार्च, गुरुवार
दोन वाजले. श्वास रोखून बसलो. तीन. चार. नेट गेलं नाही! हिला हाक मारून दाखवलं. पैसा टाकला की फरक दिसतोच, असं म्हणालो. ही परत कणीक मळायला गेली. आनंद पचायला वेळ लागतो काहींना.

२३ मार्च, सोमवार
सहा दिवस झाले, एक सेकंदही नेट गेलेलं नाही. खरं सांगायचं तर थोडी निराशा आहे. चार तासांत दुरुस्ती या गोष्टीसाठीच आपण एवढे पैसे मोजतो, आणि ती बघायलाच मिळत नाही. हा एक प्रकारे अन्यायच.

मोबाइलवर स्टॉपवॉच तयार ठेवलंय.

२६ मार्च, गुरुवार
गिऱ्हाईक!! औषधांचं मोठं गोदाम, अकरा स्टोअरकीपर, सगळ्यांना ट्रेनिंग हवंय. जुन्या कारखान्याच्या साहेबांनी माझं नाव सुचवलं. मॅनेजर म्हणाले, फोनवर दहा मिनिटं बोलू, जमलं तर लगेच ठरवून टाकू. मी म्हणालो, छे छे, व्हिडिओवर प्रेझेंटेशन देतो, आमची बिझनेस लाइन आहे. सोमवार, ३० तारीख, दुपारी तीन.

मेहुण्याला मेसेज टाकला की माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नकोस. त्याने अंगठा पाठवला.

२९ मार्च, रविवार
आई परत आली. नवा डबा बघून म्हणाली, याला तर जुन्यापेक्षा जास्त डोळे आहेत. कौतुकाने म्हणाली असावी.

३० मार्च, सोमवार
दु. १.३० इस्त्रीचा शर्ट. खाली लुंगी. कॅमेऱ्यात दिसत नाही.

२.०७ नेट गेलं.

२.०८ स्टॉपवॉच सुरू! कंपनीला फोन. पहिल्या रिंगला उचलला. 'सर' म्हणाले. माणूस निघाला.

२.४० हिने स्वतःचा फोन आणून दिला. माझं नेट घ्या, मीटिंग उरकून घ्या, म्हणाली. बिझनेस कस्टमरने साखरेच्या डब्यावरचं नेट वापरायचं? नम्रपणे नकार दिला. शिवाय मधेच दुसरं नेट वापरलं तर बिघाड धरतील की नाही, शंका आहे.

२.५८ ही म्हणाली, निदान त्यांना फोन तरी करा. म्हटलं, चार तासांची गॅरंटी आहे, नेट कधीही येईल.

३.२० मॅनेजरांचे दोन मिस्ड कॉल. उचलून काय सांगणार? नेट आलं की थेट व्हिडिओवरच दिसू.

३.४५ सहा वाजून आठ मिनिटांपर्यंत कंपनीचा माणूस आला नाही तर बिल माफ होईल. यावर लक्ष केंद्रित करतोय.

४.०२ नेट आलं. आपोआप. आई उठली.

४.१० कंपनीचा माणूस आला. दोन तास दोन मिनिटं. मोबाइलवरचं स्टॉपवॉच दाखवून त्याचं अभिनंदन केलं. त्याने डब्यातली नोंद वाचली आणि म्हणाला, सर, लाइनला काहीच झालं नव्हतं. बटण बंद होतं.

कुणी केलं? आई पदराला हात पुसत आली आणि अगदी सहज म्हणाली, मीच करते की रोज दुपारी. डोळ्यांवर उजेड येतो, झोप लागत नाही. आणि म्हटलं त्यालाही बिचाऱ्याला जरा विश्रांती.

जुन्या डब्यालाही? हो, त्यालाही.

मी फार मोठ्याने ओरडलो. आई म्हणाली, अरे, मला एकदा विचारायचंस तरी. मग पलंगाच्या कडेवर बसून पदराने डब्यावरची धूळ पुसू लागली. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

बिघाड ग्राहकाच्या बाजूचा, म्हणून व्हिजिट चार्ज वेगळा. सही केली. तेव्हा लुंगीवर होतो हे नंतर लक्षात आलं.

३१ मार्च, मंगळवार
मॅनेजरांना फोन केला. काल वीस मिनिटं वाट पाहिली म्हणे. मग दुसऱ्या कुणाशी फोनवरच ठरवून टाकलं. तुम्ही नुसता फोन उचलला असतात तरी काम तुमचंच होतं, म्हणाले. माणूस चांगला आहे. त्यामुळे जास्तच लागलं.

धडा एक: फॉन्ट ठरला. फाइल बंद केली.

४ एप्रिल, शनिवार
दुकानाचा चौथा दिवस. मेहुणा 'भावोजी' म्हणतो, पण झाडू हातात देताना.

घरी हिने दुपारी अडीचची नवी बॅच काढली आहे, बिझनेस लाइनवर. अकरा मुलं. आई हल्ली दुपारी झोपत नाही, बटणावर लक्ष ठेवून बसते. करार माझ्या नावावर आहे, म्हणजे तसं पाहिलं तर व्यवसाय माझाच चालू आहे.

मेहुण्याला दुकानासाठी नेट घ्यायचंय. त्याला बावीस कॉलमांचा तक्ता देऊ केला. भावोजी, आधी ती खोकी मोजा, म्हणाला. मोजली. सहा कमी भरली. मालवाल्याची चूक, एका नजरेत पकडली. मेहुण्याने आतून माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

संध्याकाळी एक गृहस्थ आले. घरात टाइल्स बसवायच्यात, साधी घरगुती घ्यावी की कारखान्यात बसवतात ती जाड, पाचपट महाग? कागदावर तक्ता करून आणला होता. रंगीत. सुरेख केला होता, उगाच कशाला नावं ठेवा. मी पूर्ण वाचला. मग विचारलं, घरात कोण कोण असतं?

म्हणाले, मी, बायको आणि आई.

विचारलं, आईंना विचारलंत का?

ते हसले.