मामाची बशी

मंगळवार, दारव्हा. दुकान बंद केल्यावर

बाकीच्या कपबशा धुतल्या. मामाची बशी तशीच ठेवली हाय.

दोन सालं कापसानं दगा देला म्हणून स्टँडसमोर चहाचं दुकान टाकलं. गर्दी राह्यते दिवसभर, पण आपल्यातलं कोणी येत नाही. सोयऱ्याकडून चहाचे पैसे कसे घ्यावे? मी घेत नाही. मग माझं नुकसान नको म्हणून ते पलीकडच्या हॉटेलात जातात. आता राग करावा तरी कोणावर?

सख्खा मामा, तोही खाली मान घालून जायचा. आज रस्त्यात जाऊन हातच धरला त्याचा.

"भाच्याचं फुकट खाल्लं तं पाप लागते रे बाबू."

"मामा, चहाच तं हाय."

बसला शेवटी. बशीत ओतून सावकाश प्यायला, आईचं विचारलं. किती दिवसांनी घरचं माणूस समोर बसलं होतं. मी उगाच फडकं मारत उभा राह्यलो.

तो गेल्यावर बशी उचलली तर खाली पैसे. जास्त असते, तर मामानं भाच्याले खाऊले देले म्हणून ठेवून घेतले असते.

बरोबर एका चहाचे होते.