सूर्या नदीचा सरळ काठ

माहीम, ता. पालघर
माघातला पहिला रविवार

तीर्थस्वरूप मंदाताईस,

धाकट्या नरहरीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली कागदावरच वाकता येतं, तेवढं गोड मानून घे.) तुझी साखर कशी आहे? वलसाडला थंडी बरी असेल. भाऊजी सकाळी खरंच फिरायला जातात, की फिरायला जातो सांगून फाफडा खाऊन येतात? इकडे सर्व क्षेम. पानवेली यंदा जोरात आहेत, सूनबाई चारुता माझ्या गोळ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते, आणि मी आता बरा आहे. 'आता' का लिहिलं, ते सांगतो.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आम्ही 'सूर्या नदी : भूगोल आणि इतिहास' ही पुस्तिका काढतोय, हे तुला फोनवर बोललो होतोच. बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस गावात मी एकटाच उरलो, म्हणून लेखन माझ्याकडे आलं. इतिहासाची चौदा पानं लिहून छापखान्यात दिली. कोणी किल्ला बांधला, कोणी घेतला, कोणी परत घेतला, सगळं सनावळीसकट. (चारुता वाचता वाचता झोपली. ती दमलेली होती.) भूगोल मात्र डोळ्यांनी पाहून लिहायचा, असा मी निश्चय केला आणि आपल्या दिनानाथच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. दिनानाथ म्हणजे आपल्या शेजारचा, तारापूरच्या कारखान्यातून रिटायर झालेला. तुझ्या लग्नात जिलबी वाढताना पडला होता, तोच.

बोईसर, बेटेगाव मागे टाकलं, महामार्ग ओलांडला, डोंगर जवळ आले. एका झाडाखाली स्कूटर लावून आम्ही वाट सोडली आणि थोड्याच वेळात पाणी लागलं. ताई, काय ते पाणी! स्वच्छ, संथ. मी वहीत लिहिलं, "येथे नदी कमालीची शिस्तबद्ध असून दोन्ही काठ समांतर आहेत." पुढे तीन किलोमीटर आम्ही काठाने चाललो. मी पावलं मोजत होतो, दिनानाथ माझी पिशवी धरून होता. काठाचा गुळगुळीत उतार दाखवून मी त्याला लाव्हारसाचे थर समजावून सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, लाव्हारसात गिट्टी असते का?" मी म्हटलं, निसर्गात सगळं असतं.

पुढे एक म्हातारी पायरीवर बसून कपडे धूत होती. नवसीबाई. वय सत्तरीपुढचं, हात मात्र पहिलवानाचे. मी अदबीने विचारलं की आजी, या नदीला इथे काय म्हणतात? तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, मग दिनानाथकडे पाहिलं. (वेडा कोण आणि सोबत आलेला कोण, ते ठरवत असावी.)

"कॅनल म्हनतात," ती म्हणाली. "धरनाचा. नदी तिकडं हाय, त्या सागांच्या मागं. तुमी तिला पाठ करून चाललाय."

दिनानाथ म्हणतो, त्याला गिट्टी पाहिली तेव्हाच कळलं होतं, पण तुम्ही गुरुजी. त्या क्षणी मला लाव्हारसात विरघळावंसं वाटलं. बाई मात्र पोट धरधरून हसली आणि हसून झाल्यावर पिळलेले कपडे खांद्यावर टाकून म्हणाली, "चला, दाखवते."

खरी नदी वाकडीतिकडी, दगडाधोंड्यांची, गुडघाभर पाण्याची. पलीकडे तिचा पाडा. मी म्हटलं, नदीला उतार कुठे असतो ते मला कळतं. तिसऱ्या पावलाला शेवाळावरून घसरून मी बसलो तो थेट पाण्यात, आणि वही निघाली वैतरणेकडे. दिनानाथ वहीमागे धावला. नवसीबाई माझ्यामागे. दंडाला धरून तिने मला पोरासारखं पलीकडे नेलं, चुलीपाशी बसवलं, नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी दिली, नवऱ्याचं कोरडं धोतर दिलं.

मी कुडकुडत विचारलं, पावसाळ्यात माणसं कशी ओलांडतात? तर ती म्हणाली, आता पूल हाय, तवा नव्हता. तिचं माहेर समोरच्या काठावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. लग्न झालं त्या वर्षी नदी चार महिने उतरली नाही. रोज संध्याकाळी आई पलीकडे येऊन उभी राहायची. पाण्याच्या आवाजात बोलणं कळायचं नाही, म्हणून ही झाडाला लुगडं बांधायची. लुगडं दिसलं की आई समजायची, पोर बरी हाय, आणि घरी जायची.

मी सवयीने विचारलं, "हे कोणतं साल?"

"साल तुमच्या बुकात. आमची म्हस वाहून गेली त्या वर्षी."

ताई, माझ्या चौदा पानांत नदी ओलांडून पाच राजे गेले होते, पण काठावर उभी राहिलेली एकही आई नव्हती. परत आल्यावर मी चार दिवस तापात काढले आणि उठल्या उठल्या छापखान्यात जाऊन पुस्तिका थांबवली. आठ पानं काढली. त्यांच्या जागी नवसीबाई सांगेल ते लिहितोय, आठवड्यातून दोनदा जातो, पुलावरून. वाचनालयाच्या बैठकीत कुरकुर झाली, पण दिनानाथ उभा राहून म्हणाला, "ह्या माणसाने कॅनलला नदी म्हटलं, तिने नाही. मग प्रकाशन कोणाच्या हस्ते व्हावं?" ठराव एकमताने मंजूर. मीही हात वर केला.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकी भेटीअंती.

तुझा,
नरहरी

ता. क. : नवसीबाईंची एक अट आहे. मंचावर पुरुषांच्या रांगेत त्या एकट्या बसणार नाहीत, जोडीला त्यांच्या वयाची बाई पाहिजे. गावात तशी कोणी मोकळी नाही. तेव्हा वर्धापनदिनाला तू ये. चार दिवस तरी राहायच्या तयारीने ये.

ता. क. २ : चारुताने पत्र वाचलं. म्हणते, बाबा, मोठ्या बहिणीला खोटं लिहू नये. नवसीबाईंनी अशी काही अट घातलेली नाही. त्या म्हणाल्या, "खुर्ची नसली तरी मी खाली बसन." अट माझी आहे. सहा वर्षं झाली तुला येऊन. ये.