तब्येतीचं इंग्रजी

१२ जुलै

"बरा आहे." झालं! भाऊजीचं रोजचं तेच. मस्कतहून सुपरवायझरचा फोन आला की माझे दीर वीरेंद्र फोन घेऊन गोठ्याकडे जातात, पाठ करून बोलतात, अन् परत येऊन म्हणतात, "बरा आहे, वहिनी. काळजी नका करू." बरा आहे तं तोंड काहून असं उतरलं तुमचं?

तिकडे ह्यायच्या कंपनीत अ‍ॅसिडचा पाइप फुटला. हे दवाखान्यात आहेत. गळ्यात नळी आहे, म्हणून बोलता येत नाही. नवरा माझा, अन् मले एवढंच माहीत!

१३ जुलै

आमच्याकडे दवाखान्यातला माणूस कधी वाईट नसतेच. माझे बाबा गेले तेव्हा मी नागपूरले होती. "बरे आहेत, तुले पाहायचं म्हणतात फक्त" असं म्हणत म्हणत वरठी स्टेशनापासून घरापर्यंत आणलं मले. अंगणात बाया बसलेल्या दिसल्या तेव्हा समजलं. राग तरी कोणावर काढू? सारे मायेनंच खोटं बोलले होते. पण ती माया मले पुन्हा नको. वाईट असेल तं वाईट सांगा ना बापा!

१५ जुलै

भाऊजी आंघोळीले गेले तेव्हा त्यायच्या फोनमधून वॉर्डाचा नंबर घेतला. चोरून! सरळ लावलाच. एक नर्स बोलली— रोवेना, फिलिपिन्सची. "हिंदी?" विचारलं तं "नो हिंदी." मग धडाधड इंग्रजी. मले काही म्हणजे काही समजलं नाही. शेवटी थँक्यू म्हणून ठेवला.

आता डोक्यात तेच फिरून राहिलं— तिनं वाईट खबर सांगितली असेल, तरी मी थँक्यूच म्हटलं असेल.

१६ जुलै

समोरच्या भोजराजकाकाची सून टीना लाखनीच्या एका कॉन्व्हेंटात पहिलीच्या पोरायले इंग्रजी शिकवते. तिले म्हटलं, मले शिकव, पण कोणाजवळ बोलू नको.

तिनं सुरू केलं— बिग म्हणजे मोठा, स्मॉल म्हणजे लहान. एलिफंट इज बिग. अँट इज स्मॉल. मी भडकलीच! "बाई, हत्ती-मुंगी घेऊन मी काय करू? माणूस कसा आहे ते सांगणारे शब्द दे मले!" ती म्हणे, "काकू, पहिले हे तोंडात बसू द्या. मग ते देतो."

बसली मग. हत्ती बिग, मुंगी स्मॉल.

१८ जुलै

धानाची रोवणी सुरू आहे. बांधीतल्या चिखलात वाकून परे, धानाची रोपं, लावता लावता माझं चालू— मड इज सॉफ्ट. वॉटर इज कोल्ड. रोवणीतली सरिता बाजूले होती. म्हणे, "काय पुटपुटून राहिली वो? मंत्र आहे का?" मी म्हटलं, हो, सासूले वश करायचा! साऱ्या बाया हसल्या. मीही हसली. अन् मग कशाचं काय, बांधावर जाऊन रडली.

१९ जुलै

आज कामाचे शब्द मिळाले. गुड, बॅड, वीक, स्ट्राँग, बेटर, वर्स. टीनानं युक्तीही सांगितली— लांब प्रश्न करायचाच नाही. एक अंग घ्यायचं अन् विचारायचं. लेग्ज? गुड ऑर बॅड? समोरची एका शब्दात सांगते.

वर्स मी तोंडातून काढला नाही. "म्हणा ना, काकू." नाही म्हणत जा! ऐकला तेवढा पुरे.

२० जुलै

आज फजितीच झाली. फोन लावला अन् सासूबाई सूप घेऊन बाजूलेच येऊन बसल्या, तांदूळ निवडायले. तिकडून रोवेना विचारते, "पेशंट नेम?" आता सासूसमोर नवऱ्याचं नाव कसं घेऊ? उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. तं मी म्हटलं— "टॉल. थिन. ब्लॅक. गुड मॅन."

ती हसली. वॉर्डात सारेच तसे असतील, उंच, काळे, वाळलेले! "सॉरी" म्हणे, अन् ठेवायले निघाली. तेव्हा मी ओरडली— "हेमराज! हेमराज!"

सासूबाईनं सूप खाली ठेवलं. वाटलं, आता होते माझा उद्धार. तं त्या जवळ सरकल्या अन् हळूच म्हणे, "विचार मंग. कसा आहे माझा लेक? मले कोणीच नाही सांगत वो."

विचारलं. लेग्ज? गुड. चेस्ट? बेटर. हँड्स? बॅड, बँडेज. आइज?

तिथं गुडही नाही, बॅडही नाही. "बँडेज. वेट," म्हणे.

२१ जुलै

भाऊजीले तोंडावर विचारलं— डोळ्यायचं काय? कपातला चहा पाहत बसले. "कोणं सांगितलं तुमाले?" मी म्हटलं, दवाखान्यानं सांगितलं, सरळ मले! "तसं बरं आहे, वहिनी, डॉक्टर म्हणतात—" "बरं हा शब्द माझ्यासमोर काढू नका आता!"

दिराशी असं कधी बोलली नव्हती. तं ते रडायलेच लागले. म्हणे, "मीच विचारत नाही त्यायले. भेव वाटते." मले वाटे सारं यायले माहीत आहे अन् मलेच अंधारात ठेवलं. इथं तं कोणीच विचारलं नव्हतं! चिडायले आली होती, पाणी देऊन उठली.

२३ जुलै

निरोप आला, गळ्यातली नळी काढली, एक-दोन दिवसात बोलू देतील. टीनाले म्हटलं, डोळ्यायचे शब्द दे. क्लिअर. रेड. वीक. अन् वाईटातला वाईट? ती देईना. "कशाले, काकू?" मी उठलीच नाही तिच्या घरून.

ब्लाइंड.

२४ जुलै

फोन लागला नाही. जीव टांगणीले लागला आहे.

२५ जुलै

आज व्हिडिओ लागला. हे दिसले. किती वाळले! दोन्ही हात पट्ट्यायमध्ये. पण डोळे मोकळे— पट्टी काढलेली, उघडे डोळे! मी हात हलवला, पुन्हा हलवला. ह्यायनं मान हलवली नाही. रोवेना बाजूले उभी होती. मी तोंड उघडायच्या पहिलेच तिनं मान खाली घातली.

अन् ह्यायचा आवाज आला, घोगरा— "चंदा, तू आहे का? या बाईचं मले काही समजत नाही वो. तू विचार ना तिले, माझ्या डोळ्याची पट्टी कधी काढतात?"

भाऊजीनं फोन घ्यायले हात पुढे केला. मी नाही दिला. मीच सांगितलं.