तुमच्या ताटातलं मीठ

सर्जापूर रोड, बेंगळुरू

ती. बाबा,

नमस्कार पत्रातूनच घ्या. परवा पायांना हात लावू दिला नाहीत.

तुमच्या गोळ्यांचा डबा इथे राहिला, तो कुरिअर केलाय. आईचा गुडघा कसा आहे?

वरणभात मी वेगळ्या भांड्यांत केला होता. रीतीप्रमाणे ताटात आधी मीठ वाढलं. तुम्ही पाण्यासाठी फ्रिज उघडलात, डब्यात काय आहे विचारलंत. सासूबाईंनी कूर्गहून पाठवलेली पंदी करी, असं मी खरं ते सांगितलं. तुम्ही ताट सरकवून उठलात.

पंदी म्हणजे डुक्कर, कन्नडात हंदी. जन्मभर संस्कृत शिकवलंत ना? मग वराह म्हटलं की हात जोडता आणि पंदी म्हटलं की शिसारी येते, ती कशी? मीठ हा शब्द ‘मिष्ट’वरून आला, म्हणजे गोड, रुचकर, हेही तुम्हीच शिकवलंत. लेकीच्या घरी तेच मीठ बाटतं का?

तुमचे जावई लिफ्टपर्यंत बॅग घेऊन आले. ती तुम्ही हिसकावून घेतलीत.

आता ऐकाच. तुम्ही दारात चपला घालत होतात, तेव्हा आईने तुमच्या ताटातलं मीठ चिमटीत उचललं आणि जिभेवर ठेवलं.

तुमचीच, तुम्हाला आवडो न आवडो,
वल्लरी